मदत हवी आहे: चार इरकली लुगड्यांची, तीनच रंगांतली गोधडी

सप्रेम नमस्कार.

मी मागणीप्रमाणे गोधड्या शिवून देते आणि सध्या हाती घेतलेल्या एका गोधडीच्या रंगांबाबत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. सोलापूरच्या एका ताईंनी आपल्या आजीची चार इरकली लुगडी माझ्याकडे दिली असून, एका माणसाच्या पलंगाला पुरेल अशी, म्हणजे ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब गोधडी त्यांना शिवून हवी आहे. त्यांची अट अशी की गोधडीत निळा, लाल आणि पांढरा यांखेरीज चौथा रंग दिसता कामा नये आणि वरच्या थराला बाजारातून आणलेले नवे कापड लावू नये. आजी आयुष्यभर हेच रंग नेसल्या, त्यामुळे ही अट मला मनापासून पटलेली आहे आणि ती मोडण्याचा माझा विचार नाही.

अडचण कापडाच्या वाटणीत आहे. चारही लुगड्यांचे अंग गडद निळ्या सुताचे आहे आणि एका नऊवारीतच पूर्ण गोधडी झाकून कापड उरेल, इतका निळा माझ्याकडे आहे. लाल मात्र फक्त काठांना आणि पदरांना आहे. चारांपैकी दोन पदर कामाचे आहेत, पण त्यांतला विरलेला भाग वगळला तर गोधडीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक लाल मिळणार नाही. पांढरा तर पदरावरच्या तेनींत, म्हणजे विणलेल्या नक्षीपट्ट्यांत, आहे तेवढाच. लाल रेशमातून उठलेले ते ज्वारीच्या कणसांसारखे आणि किल्ल्याच्या तटासारखे पट्टे इतके सुरेख आहेत की त्यांचे तुकडे करायला कात्री धजत नाही.

मी काही ठिगळे जमिनीवर मांडून पाहिली. जवळून निळा आणि लाल स्पष्ट वेगळे दिसतात, परंतु मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढले तेव्हा दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळून गेले. याचा अर्थ संध्याकाळच्या उजेडात किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ही गोधडी म्हणजे नुसता एक काळपट चौकोन दिसेल, असे मला वाटते. कडेपासून आत चौकटीमागून चौकट अशी आपली पारंपरिक मांडणी मला ठेवायची आहे; पण गडद-फिकट फरकच नसेल तर त्या चौकटी उठणार कशा? धावदोरा पांढरा घालावा की निळा, हेही ठरत नाही. शिवाय लाल पदराचा रंग जाईल अशी धास्ती आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, नऊवारी लुगडे सगळीकडे सारखे विटत नाही. निऱ्यांच्या आणि काष्ट्याच्या घड्यांत दडलेला भाग गडद राहतो, तर उन्हाला आणि घासण्याला सामोरा गेलेला भाग फिकट होतो. तेव्हा कापण्यापूर्वी चारही लुगडी दिवसाच्या उजेडात पूर्ण उलगडा आणि निळ्याचे गडद, मध्यम व फिकट असे तीन ढीग करा. कापडाची उलटी बाजूही पाहा. पुष्कळदा ती सुलट बाजूपेक्षा ताजी असते. रंग एकच राहून छटा तीन मिळतील आणि सोलापूरच्या ताईंची अटही पाळली जाईल.

धावदोऱ्याबद्दल मी आग्रहाने सांगेन की तोच तुमचा खरा पांढरा रंग आहे. गडद निळ्यावर पाव इंचाच्या अंतराने पांढऱ्या धावदोऱ्याच्या ओळी घातल्या की दुरून ते ठिगळ दोन छटा उजळ दिसते, आणि त्याच कापडावर निळा दोरा घातला तर ते आहे तसेच गडद राहते. एका चौकटीला पांढरा आणि पुढच्या चौकटीला निळा दोरा घेतला, तर एकाच लुगड्यातून दोन निळे उभे राहतात. मात्र आधी वीतभर नमुना शिवून तो भिंतीवर टांगून पाहा.

पांढऱ्या कापडाची गरज भासलीच, तर त्या घरात आजोबांचे जुने धोतर किंवा उपरणे आहे का, हे विचारून पाहावे.

प्रतिसाद २

मला पदराची काळजी अधिक वाटते. इरकलीचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो, आणि दोहोंचे ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. हा सांधा शक्यतो कापू नका. अंगाचा वीतभर भाग ठेवून पदर अखंडच घ्या आणि मध्यभागी लावा. पदराची दोन सुते काढून जाळून पाहा. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम आहे. कागदासारखे जळाले तर ते नकली रेशीम समजावे, आणि ते ओले असताना फार नाजूक होते.

रंग जाण्याची परीक्षा शिवणीपूर्वीच करावी. पांढरे सुती फडके ओले करून लाल भागावर ठेवावे आणि वरून हाताने दाबून धरावे. डाग उमटला तर लाल कापड वेगळे, गार पाण्यात, रिठ्याच्या फेसात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत हलक्या हाताने धुवावे. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने प्रत्येक रंग पक्का होतो, यावर विसंबू नये. इतके करूनही रंग सुटत राहिला तर लालाशेजारी पांढरे ठिगळ लावूच नये, निळे लावावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लुगडी उलगडल्यावर निळ्याचे तीन ढीग खरोखरच झाले. एका लुगड्याची उलटी बाजू तर पहिल्यांदा रंगवल्यासारखी निघाली. पांढऱ्या दोऱ्याचा नमुना शिवून भिंतीला लावला, तेव्हा जिथे ओळी दाट होत्या तिथे निळ्यावर राखेसारखी झाक आली आणि शेजारचा निळ्या दोऱ्याचा तुकडा मागे सरल्यासारखा दिसला. कृष्णधवल छायाचित्रातही हा फरक टिकला. ताईंकडे आजोबांचे एक धोतर मिळाले आहे; ते मी मधल्या थराला आणि बाहेरच्या गोटाला, म्हणजे कडेच्या पट्टीला, वापरणार आहे. ओल्या फडक्यावर लाल डाग आलाच, म्हणून पदर धुऊन झाल्यावरही त्याच्या चारही बाजूंना निळेच राहील.

आता एवढेच विचारायचे आहे की विरलेल्या रेशमी पदराला मागून आधार देण्यासाठी जुन्या मलमलीचे अस्तर पुरेल, की धोतराचाच एक थर कच्च्या टाक्याने लावून त्यावर धावदोरा घालावा? पदरावरचे टाके किती अंतरावर घेतल्यास रेशीम चिरणार नाही, हेही कोणी स्वतः करून पाहिले असल्यास अवश्य कळवावे.