साउथविक हाउस लष्कराकडेच राहावं की लोकांसाठी खुलं व्हावं?

सागरवेडा:
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथच्या उत्तरेला, पोर्ट्सडाउन टेकडीपलीकडे साउथविक हाउस हा जुना जमीनदारी वाडा आहे. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याचा निर्णय दोस्त राष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवरने इथेच घेतला. मोहीम ५ जूनला ठरली होती. हवामानतज्ज्ञ स्टॅग यांनी वादळाचा इशारा दिल्यावर ती एक दिवस पुढे गेली. मग ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल, या त्यांच्याच अंदाजावर ५ च्या पहाटे होकार दिला गेला. दीड लाखावर सैनिकांचं भवितव्य त्या अंदाजावर टांगलेलं होतं! तेव्हाचा भिंतभर प्लायवूडचा नकाशा अजून जागेवर आहे, पण वाडा लष्करी तळाच्या आत. आधी परवानगी काढल्याशिवाय तो पाहता येत नाही. माझ्या मते इथे संग्रहालयच हवं. लंडनमधले चर्चिलचे तळघरातले युद्धकक्ष १९८४ मध्ये खुले झाले, मग याच घराला कुंपण का?

गोदीवाला:
पूर्ण असहमत. हे घर वापरात राहिलं म्हणून टिकलं. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे नौदलाची नौकानयन शाळा पोर्ट्समथहून इथे हलली आणि युद्धानंतरही कित्येक दशकं इथेच राहिली. त्याच काळात इंग्लंडमधले शेकडो वाडे खर्च झेपेना म्हणून पाडले गेले. युद्धात जर्मन सांकेतिक संदेश जिथे उलगडले, त्या ब्लेचली पार्कवरसुद्धा १९९०च्या सुमारास पाडकामाची वेळ आलीच होती. शिवाय पोर्ट्समथमध्येच साउथसीला डी-डेचं, म्हणजे त्या ६ जूनच्या हल्ल्याचं, संग्रहालय आहे, तिथे ८३ मीटर लांबीचा ओव्हरलॉर्डचा (हे त्या मोहिमेचं सांकेतिक नाव) भरतकामपट आहे. पर्यटकांची सोय तिथे झालेली आहे.

सागरवेडा:
भरतकाम पाहणं आणि निर्णय झाला त्या खोलीत उभं राहणं यात फरक नाही का? तो नकाशा चॅड व्हॅली या खेळण्यांच्या कंपनीने बनवला. हल्ला कुठे होणार हे कारागिरांना कळू नये म्हणून नॉर्वेपासून खाली स्पेनपर्यंतचा किनारा मागवला आणि त्यातला हवा तेवढाच भाग भिंतीवर चढवला. ही गोष्ट त्या भिंतीसमोरच समजते. काढून दुसरीकडे टांगला तर तो नुसता मोठा नकाशा उरेल.

सातबारा:
दोघेही मूळ मालकांना विसरलात. वाडा थिसलथ्वेट घराण्याचा होता. युद्धापुरता म्हणून घेतला, नंतर परत दिलाच नाही. आपल्याकडे प्रकल्पासाठी जमीन गेलेल्यांना ही कहाणी वेगळी सांगायला नको. संग्रहालय झालं तरी त्या कुटुंबाची बाजू पहिल्याच दालनात मांडायला हवी. नुसत्या सेनापतींच्या तसबिरी लावल्या तर तो अन्यायच ठरेल.

गोदीवाला:
@सातबारा, मुद्दा रास्त आहे, पण घर सरकारनेच सांभाळलं हेही खरं. आणि सागरवेडा, संग्रहालय तिकिटांवर चालतं. गर्दी ओसरली की छपराची गळती कोण बुजवणार? वर्षातले ठरावीक दिवस लोकांना आत सोडा, माझी हरकत नाही. ताबा मात्र लष्कराकडेच असावा.

सागरवेडा:
तिथेच तर अडतं. ताबा त्यांचा असला की सुरक्षेचं कारण पुढे करून ते दिवस केव्हाही रद्द होतील, आणि लोकांना दाद मागायला जागा नसेल. देखभालीचा पैसा सरकारनेच द्यावा, पण किल्ल्या विश्वस्तांकडे हव्यात. त्या विश्वस्तांत थिसलथ्वेट घराण्याचा माणूस असावा, सातबारांचा मुद्दा मला पटला.