विषय: भाच्याला वाद्यवृंद-संचालक व्हायचंय

मंडळींनो, सप्रेम नमस्कार.

रजेवर नाशिकला आलोय. भाचा अठरा वर्षांचा, व्हायोलिन शिकतो आणि गणपतीत ढोलपथकाला हाताने खुणा देतो. काल जेवताना म्हणाला, "मामा, मला कंडक्टर व्हायचंय, मुलांचा ऑर्केस्ट्रा बसवायचाय." ताई गप्पच झाली. पोट कसं भरणार, ही तिची काळजी. या वाटेची कुणाला माहिती आहे का?

– नाशिकहून

---

दादा, नमस्कार.

ताईंची काळजी रास्तच आहे. या वाटेवर स्थिर व्हायला वर्षं लागतात. त्यांना मेहली मेहतांबद्दल जरूर सांगा. जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहतांचे वडील. १९३५ मध्ये मुंबईत त्यांनी बॉम्बे सिम्फनी हा वाद्यवृंद उभा केला, पुढे मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं. १९६४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, इथे लॉस एंजेलिसला अमेरिकन यूथ सिम्फनी ही तरुणांची वाद्यवृंद-संस्था सुरू केली आणि १९९८ पर्यंत, नव्वदीला टेकेपर्यंत, तीच सांभाळली. मुलं तयार झाली की मोठ्या वाद्यवृंदांत निघून जायची. हे पुन्हा नव्या मुलांना घेऊन पहिल्या सुरापासून बसवायचे. मला यापुढे कुठलंही मोठं पद लहान वाटतं.

आजचा प्रसिद्ध संचालक गुस्ताव्हो दुदामेलही अठराव्या वर्षीच व्हेनेझुएलात तरुणांच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला. पण तोही आधी व्हायोलिन शिकलेला. म्हणून भाच्याला सांगा, व्हायोलिन सोडू नकोस. दुसऱ्याच्या हाताखाली रांगेत बसून वाजवल्याशिवाय समोरच्या हाताकडून काय हवं असतं ते कळत नाही. माझी मुलगी इथे शाळेच्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवते. ती म्हणते, सरांचा हात वर जातो तेव्हाच आम्ही श्वास घेतो. ढोल पडण्याआधी खूण पोचावी लागते, हे भाच्याला आधीच ठाऊक असणार!

आणखी एक, स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकत्र लिहिलेली वही, वाचायला आत्तापासून शिकू दे. त्यात वीस-वीस ओळी एकाखाली एक असतात, आणि बी फ्लॅट क्लॅरिनेट या फुंकून वाजवायच्या वाद्याला सी हा सूर लिहिलेला असला तरी ऐकू बी फ्लॅट हा सूर येतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल असेल तेव्हा पंचवटी एक्सप्रेसने जा, रात्री मुक्काम करा. मैफलीआधी त्याच रचनेचा स्कोअर त्याच्या हातात द्या.

– लॉस एंजेलिसहून

---

ताई, मनापासून आभार. पत्र घरी मोठ्याने वाचलं. भाचा रात्री उशिरापर्यंत क्लॅरिनेटचा सी वेगळा का ऐकू येतो तेच विचारत होता. सकाळी माझी ताई म्हणाली, तिकिटं दोन नको, तीन काढ.