मदत हवी आहे: जपानमध्ये डोंगरावर देवळात मुक्काम, जेआर (जपान रेल्वे) पास चालेल का?

घाईत_आहे
त्या डोंगरावर देवळात एक रात्र राहायचं आणि ट्रेकही करायचा आहे. सात दिवसांचा जेआर पास घेतलाय. वरपर्यंत चालेल ना? आज रात्री बुकिंग करायचंय, माहिती असेल त्यांनीच लिहा.

सह्यभटक्या
कोणत्या डोंगरावर? कोयासान, हिएइझान, हागुरो, सगळीकडे देवळात राहता येतं. तारीख? किती जण?

घाईत_आहे
कोयासान हो, अजून कोणता! नोव्हेंबर. पासचं सांगा.

नागमोडी
फुजीचा मोसम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात. नोव्हेंबरात अजिबात चढू नका.

सह्यभटक्या
फुजी कोणी विचारला?

ओसाकावासी
पास चालणार नाही. वर जाणारी नानकाई ही खाजगी रेल्वे. पासवर जेआरने हाशिमोतोपर्यंत पोचता येतं, पण फार वळसा पडतो. सरळ ओसाकाच्या नांबाहून नानकाई धरा. लिमिटेड एक्सप्रेसने गोकुराकुबाशी साधारण ८० मिनिटं, पुढे केबल कार ५ मिनिटं (सप्तशृंगी गडावर आहे तशी रुळांवरची, रोपवे नव्हे), मग बस. वरच्या स्टेशनहून गावात चालत जायला बंदी आहे, तो रस्ता फक्त बसचा.

सह्यभटक्या
केबल कारने जायचं तर ट्रेक कसला? चोइशिमिची ही यात्रेची जुनी पायवाट करा. कुदोयामा स्टेशनजवळच्या जिसोन-इन देवळापासून वर गारान या देऊळसमूहापर्यंत १८० दगडी खांब, दर १०९ मीटरला एक. आकडे उतरत जातात, म्हणजे ६० दिसला की साडेसहा किमी उरले. एकूण जवळपास २० किमी, ६-७ तास. लिमिटेड एक्सप्रेस कुदोयामाला थांबत नाही, हाशिमोतोला गाडी बदला. सकाळी ८ ला चालायला लागा, पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

ओसाकावासी
आणि देवळात पोचायचं कधी? चेक-इन पाचच्या आत, जेवण साडेपाच-सहाला. उशीर झाला तर जेवण कोणी तापवून ठेवत नाही. पाठीवर मोठी सॅक असेल तर ७ तासांचे ९ होतात. एकटे आहात का?

घाईत_आहे
आई आहे बरोबर. गुडघ्यांचा त्रास आहे. कांदा-लसूण खात नाही.

ओसाकावासी
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! चोइशिमिची विसरा. बुकिंगच्या वेळी खुर्ची-टेबलची खोली मागा, काही ठिकाणी पलंगही मिळतात. नाहीतर जमिनीवर गादी आणि बुटका चौरंग. संडास-बाथरूम बहुधा सामायिक. जेवण शोजिन र्‍योरी: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, रस्सा कोंबू शेवाळ आणि शिताके मशरूमचा. तिळाचा गोमादोफू आणि कोयादोफू (गोठवून वाळवलेला टोफू) असतोच.

पळीपंचपात्र
जैन असतील तर गाजर, मुळा, कमळकंद आणि मशरूम चालतात का ते विचारा. आणि आईंची एकादशी असेल तर लक्षात ठेवा, जेवणात भात असतो. राजगिऱ्याचे लाडू न्या. भाजलेलं रताळं तिकडे थंडीत दुकानांत मिळतं. शिवाय सकाळच्या पूजेला काही देवळांत होम असतो, ते त्याला ‘गोमा’ म्हणतात. शब्द आपलाच. चोइशिमिचीच्या त्या खांबांवर देवनागरी बीजाक्षरंही कोरलेली आहेत.

अनुस्वार
देवनागरी नव्हे, सिद्धम्. ब्राह्मीच्याच घराण्यातली, पण वेगळी लिपी. खांबाचे पाच थर खालून वर पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, आणि अक्षरं अ, व, र, ह, ख. कोयासानचे संस्थापक भिक्षू कुकाई ८०६ साली चीनहून परतले तेव्हा…

घाईत_आहे
अहो, ट्रेक!

सह्यभटक्या
मग न्योनिनमिचीचा, म्हणजे बायकांच्या वाटेचा, तुकडा. १८७२ मध्ये सरकारने उठवेपर्यंत बायकांना डोंगरावर बंदी होती, म्हणून त्या भोवतीच्या डोंगरकडेने फिरत. पूर्ण वाट करायला दिवस जातो. तुम्ही न्योनिन्दो या बायकांच्या देवळापासून बेंतेनदाके शिखर (९८४ मी) चढून दाइमोन या मोठ्या वेशीला उतरा, दीड तास धरा. ओल्या सीडरच्या मुळांवरून पाय घसरतो, ग्रिपचे बूट हवेत.

ओसाकावासी
हे पटलं. दुसऱ्या दिवशी करा, सामान देवळातच ठेवायला देतात. पहिल्या दुपारी दोघं मिळून ओकुनोइन, म्हणजे कुकाईंची समाधी आणि तिच्याभोवतीची दफनभूमी. इचिनोहाशी या पहिल्या पुलापासून २ किमी चालावं लागतं. त्यापेक्षा बसने ‘ओकुनोइन-माए’ला उतरा, वाट जवळपास निम्मी होते. शेवटच्या पुलापलीकडे फोटो बंद. पहाटेची पूजा सहा-साडेसहाला, गुडघ्यांसाठी स्टूल आधीच मागून ठेवा. उंची ८००-९०० मीटर, ओसाकापेक्षा ५-६ अंश थंड, रात्री शून्याच्या आसपास. जाड मोजे न्या, बूट दारातच काढावे लागतात.

घाईत_आहे
धन्यवाद. दोन-तीन देवळं बघितली, शनिवारी सगळी फुल्ल दाखवतायत. साइट बिघडलीय का?

सह्यभटक्या
साइट ठीक आहे. पानं लाल होण्याचा मोसम आहे, सुरुवातीचे शनिवार-रविवार आधीच भरतात. रविवार रात्र किंवा मधला वार बघा. तारीख काय म्हणालात?