जुना टूएक्स कन्व्हर्टर मॅन्युअल लेन्सला लावायचा, की सरळ क्रॉप करायचं?

घासलेली_रिंग

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, मग तुटून पडा. जुन्या मॅन्युअल लेन्सच्या मागे जुना टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून प्रतिमा मोठी (टूएक्स असेल तर दुप्पट) करणारी काचांची नळी, लावणं हा वेडेपणा नाही. "टूएक्स म्हणजे बाटलीचा तळ" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटलेत. आणि बोलणाऱ्याला "तुम्ही शेवटचा कधी लावला होता?" असं विचारलं, की विषय बदलतो.

माझी १३५ मिमी एफ/२.८ आहे, मागे सात काचांचा टूएक्स. मिळून २७० मिमी एफ/५.६. दोन स्टॉप गेले, म्हणजे उजेड एक चतुर्थांशावर आला, मान्य. पण एक गोष्ट कोणी बोलतच नाही: लेन्सचं जवळात जवळ फोकस होण्याचं अंतर बदलत नाही. माझ्या लेन्सचं दीड मीटर होतं, ते दीड मीटरच राहिलं आणि आकार दुप्पट झाला. त्या काळातल्या बऱ्याचशा ३०० मिमी लेन्स साडेतीन-चार मीटरच्या आत फोकसच होत नाहीत.

परवा वाळक्या काडीवर एक चतुर बसला होता. दीड मीटरवरून, रिंग जवळजवळ शेवटाला टेकलेली. तिथे रिंग फिरवायची नसतेच, आपणच पुढे-मागे झुलायचं, श्वास रोखून. सात-आठ फोटो फुकट गेले. नवव्यात पंखाच्या टोकाजवळचा तो काळा ठिपका आणि त्याभोवतीची जाळी एकेक शीर मोजता येईल अशी आली. आता सांगा, बाटलीचा तळ?

काटेकोर

चतुर छान असेल. पण नवव्या फोटोवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पहिले आठही दाखवा.

कन्व्हर्टर नवीन तपशील तयार करत नाही. लेन्सने बनवलेली प्रतिमा तो ताणतो, दोषांसकट. सेन्सरवर मिलिमीटरला ४० रेषा हव्या असतील तर टूएक्सच्या पुढच्या लेन्सला ८० द्याव्या लागतात. जुन्या लेन्स उघड्या अ‍ॅपर्चरला तेवढ्या देतात का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर कन्व्हर्टरच्या स्वतःच्या काचा: उतरलेला कॉन्ट्रास्ट, कडांना जांभळी किनार. २४ मेगापिक्सेलचा फोटो निम्म्यावर कापला तरी ६ उरतात, पडद्यावर बघायला ते पुष्कळ झाले.

घासलेली_रिंग

काटेकोर, आड-पोहरा बरोबर, पण क्रॉप केलं की तुम्ही त्याच आडात तोच पोहरा सोडता! फोटो निम्म्यावर कापून मूळ आकाराएवढा मोठा केला की लेन्सचे दोष तितकेच दुप्पट होतात. ८० रेषांची अट क्रॉपलाही आहेच. फरक एवढाच, की माझ्याकडे चार-सात काचा जास्त आणि तुमच्याकडे पिक्सेल एक चतुर्थांश. वाद घालायचा तर त्या जास्तीच्या काचांवर घालू.

काटेकोर

आणि दोन स्टॉप? मी आयएसओ ४०० वर काम करतो तिथे तुम्हाला १६०० लागणार. तो दाण्यांचा कचरा कोण साफ करणार?

निवांत_सखू

मध्ये बोलते. हे दोन स्टॉपचं प्रकरण जेवढं वाटतं तेवढं सरळ नाही.

समजा २०० मिमी एफ/४, शटर १/५००, समोर खंड्या. लेन्सच्या ५० मिमीच्या तोंडातून त्या खंड्याचा जेवढा प्रकाश आत आला, तेवढाच आला; मागे कन्व्हर्टर असो वा नसो. क्रॉपमध्ये तो प्रकाश सेन्सरच्या छोट्या तुकड्यावर पडतो आणि बाकीचा तीन चतुर्थांश सेन्सर तुम्ही फेकून देता. कन्व्हर्टरमध्ये तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून एफ/८ आणि आयएसओ १६००. पण दोन्ही पक्षी एकाच आकारात शेजारी ठेवलेत तर दाणेदारपणा जवळपास सारखाच दिसेल. जास्तीच्या काचांत थोडा प्रकाश जातो, तेवढाच तोटा. "आयएसओ चौपट म्हणजे कचरा चौपट" हे संपूर्ण फ्रेमची संपूर्ण फ्रेमशी तुलना करताना. इथे तुलना तुकड्याशी आहे.

म्हणून माझं मत: पिक्सेल कमी आणि लेन्स चांगली असेल तर कन्व्हर्टर. ४५ मेगापिक्सेल असतील आणि लेन्स बेताची असेल तर क्रॉप. यात तत्त्वाचं काही नाही.

आणि घासलेली_रिंग, हातात धरून काढत असाल तर बॉडीच्या स्टॅबिलायझेशनमध्ये १३५ नाही, २७० भरा. जुन्या लेन्सची फोकल लेंथ कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही. १३५ सांगितलंत तर तो निम्मीच थरथर सावरेल आणि दोष बिचाऱ्या काचेवर.

घासलेली_रिंग

...मी १३५ च ठेवलं होतं. पहिल्या आठांचं कारण बहुतेक तेच. गप्प बसतो.

अंधारखोली

तुम्ही सगळे सेन्सरवाले. मी अजून फिल्मवर आहे, माझं गाऱ्हाणं ऐका. स्प्लिट-इमेजवाल्या, म्हणजे मधल्या वर्तुळात चित्राचे दोन अर्धे जुळवायच्या, फोकसिंग स्क्रीनवर एफ/५.६ ला पोचलं की मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. डोळा जरा इकडे सरकवला की तो अर्धा उजळतो आणि दुसरा काळा होतो. एफ/४ लेन्सला टूएक्स म्हणजे एफ/८. मग कडेच्या मॅट भागावर अंदाजपंचे फोकस. तुम्हाला पडद्यावर दहापट मोठं करून दिसतं, कडा रंगवून दिसतात, म्हणून कन्व्हर्टर गोड लागतोय. ही वस्तू ज्या काळात बनली त्या काळात ती वापरणं सर्वांत अवघड होतं, गंमत बघा.

सखूताईंचं गणित फिल्मलाही लागू आहे एका अर्थी: मंद फिल्म कापून मोठी केली तरी दाणे, वेगवान फिल्मवर कन्व्हर्टर लावला तरी दाणे. पण पहिल्या पर्यायात मला निदान दिसतं तरी. आणि हातातलं लाइट मीटर वापरणाऱ्यांनी दोन स्टॉप स्वतः वाढवायचे असतात. मी एकदा विसरलो आणि अख्खा रोल काचेसारखा पारदर्शक निघाला. मी क्रॉपच्या, म्हणजे एन्लार्जरच्या बाजूने.

चिमटा_पेचकस

मी अशा वस्तू उघडतो, म्हणून थोडं आतलं.

"जुना कन्व्हर्टर" ही एक वस्तू नाहीच. कॅननने आपल्या जुन्या एफडी लेन्ससाठी दोन टूएक्स केले: ए हा ३०० मिमी आणि पुढच्या लेन्ससाठी, बी त्याहून लहान लेन्ससाठी. निकॉनचंही तेच: टीसी-२०१ लहान लेन्सला, टीसी-३०१ लांबींना. ३०१ ची पुढची काच माउंटच्या बाहेर डोकावते. भलत्या लेन्सला लावायला गेलात तर काचेवर काच आपटेल. जोडण्यापूर्वी लेन्सची मागची काच किती आत आहे ते बघा, मग फिरवा. विवितारचा मॅक्रो फोकसिंग टूएक्स तर वेगळीच जात. सात काचा आणि स्वतःची फोकस रिंग. ५० मिमीच्या मागे लावला की एकास एक मॅक्रो, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी. तो मी कुणालाही डोळे झाकून लावायला सांगेन.

बाकी "कन्व्हर्टर धुरकट आहे" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा खरंच धुरकट असतो. बुरशी, काचेवर तेलाची वाफ, किंवा अ‍ॅपर्चरची पिन अडकलेली. टॉर्च मागून तिरका मारून बघा. माझ्याकडच्या एका स्वस्तातल्याची आतली नळी चक्क चमकत होती, काळा रंग नावालाच. उजेडाकडे तोंड केलं की फोटोवर दुधाचा पडदा. आत काळा मखमली कागद चिकटवला आणि निम्मं दुखणं गेलं.

अगदीच भिकार असेल तर काचा काढून टाका. नळी आणि अ‍ॅपर्चरचा दांडा शाबूत राहतो, फुकटात एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे जवळून फोटो काढायची बिनकाचेची नळी. कन्व्हर्टरद्वेष्ट्यांनाही तो असा आवडतो.

काटेकोर

सखूताईंचं प्रकाशाचं गणित मान्य, तो मुद्दा मागे घेतो. काचांचा घेत नाही.

चाचणी करू. चतुर नको, तो हलतो. चंद्र घ्या. २०० मिमीला त्याची चकती सेन्सरवर सुमारे १.८ मिमी पडते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर साधारण ३०० पिक्सेल. टूएक्स लावला की ६००. तिपाई, दोन सेकंदांचा टायमर, दोन्ही फोटो त्याच रात्री. पौर्णिमेचा नको, सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या मिळतील. ३०० वाला दुप्पट करा आणि शेजारी ठेवा. जास्त विवरं दिसली तर तुम्ही जिंकलात.

चंद्रवेडा

कान टवकारले! दुर्बिणीवाले हेच काम बार्लो लेन्सने करतात, १८३० च्या दशकापासून. मागे ऋण भिंग, फोकल लेंथ दुप्पट. आमच्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही. कारण आम्ही पुढचं भिंग बरं असल्याशिवाय लावतच नाही.

घासलेली_रिंग

केली चाचणी. आयएसओ ४००, लेन्सच्या रिंगवर एफ/५.६. नुसत्या लेन्सला १/४००, टूएक्सला १/१००, म्हणजे खरं एफ/११. तिपाईवर स्टॅबिलायझेशन बंद.

२०० मिमी एफ/४ प्राइम (झूम नसलेली): टूएक्सचा चंद्र पुढे. फार नाही, पण सीमेवर एका मोठ्या विवराच्या आत मधलं शिखर वेगळं उभं दिसतं. क्रॉपमध्ये तिथे नुसता फिकट डाग आहे. चंद्राच्या उजळ कडेला जांभळी रेघ मात्र आहे, केसाएवढी. काळा-पांढरा केला की जाते, पण आहे. रिंगवर एफ/४ ठेवून काढलेल्यात ही आघाडी दिसेनाशी झाली.

मग उत्साहाच्या भरात ७०-२१० झूमलाही लावला, २०० वर ठेवून. तिथे क्रॉप सरळ जिंकला. टूएक्सवाला चंद्र मोठा आहे आणि मऊ आहे, विवरं तेवढीच, फक्त फुगलेली. तिथे तुमचा आड खरंच कोरडा निघाला.

अंधारखोली

आणि फोकस किती वेळात झाला ते लिहिलं नाहीत.

घासलेली_रिंग

पडद्यावर दहापट करून, मिनिटभर. चंद्र तेवढ्यात फ्रेममधून सरकत होता. बघून घ्या.

काटेकोर

प्राइमच्या मूळ फाइली टाका, न शार्प केलेल्या. शिखर दिसलं तर तुमची बाजू लिहून देतो, एफ/५.६ ला आणि फक्त प्राइमपुरती. झूमबद्दल मी काही बोललो नाही याची नोंद घ्यावी.