सुपरडर्टमध्ये स्वतःचे सॅम्पल लोड करताना फोल्डर-फायलींची नावं कशी ठेवता?

गुहागरी_लूप
मंडळी, टायडल सायकल्स वापरतोय, म्हणजे कोड लिहून पॅटर्न वाजवायचे, आवाजाला अर्थातच सुपरकोलायडर हा आवाज तयार करणारा प्रोग्राम आणि त्यात सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) वाजवणारं सुपरडर्ट. शिमग्याला पालखी नाचवताना ढोल, ताशा, सनई, झांज सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय, गणपतीतल्या जाखडीची ढोलकी नि घुंगरू आहेत, शिवाय समुद्राची लांबच लांब रेकॉर्डिंगं. तुकडे करून प्रत्येक वाद्याच्या फोल्डरात टाकलं, वाजत होतं मस्त. मग ढोलच्या फोल्डरमध्ये थोडे नवीन ठोके टाकले आणि जुने पॅटर्न सगळे फिरले, ढोल:३ म्हटलं की घुमणारा ठोका यायचा तिथे आता कडेवरची टिपरी वाजतेय. दुसरं म्हणजे चालू केलं की लोडिंग संपतच नाही, लॅपटॉप ४ जीबीचा आहे, फॅन असा ओरडतो की तोच सॅम्पल म्हणून घ्यावा. सुपरकोलायडरच्या मेमरीचं सेटिंग, मेमसाइज, वाढवून बघितलं, काही फरक नाही. तुम्ही लोक काय करता?

सावंतवाडी_४४१००
सुपरडर्टला फायलीच्या नावाशी काही देणंघेणं नाही रे, त्याला फक्त फोल्डरचं नाव कळतं आणि त्यातल्या फायली अक्षरक्रमाने लावल्यावर कितवी, एवढंच. मोजणी शून्यापासून. म्हणजे ढोल:३ म्हणजे त्या रांगेतली चौथी फाइल, उद्या मध्ये कोणी घुसलं की ती पाचवी होणार. म्हणून नावाच्या सुरुवातीला आकडा टाक, तोही दोन अंकी, ००, ०१, ०२ असा, कारण नुसता १० लिहिलास तर तो २ च्या आधी येऊन बसतो. नवीन ठोका नेहमी शेवटी, मध्ये जागा दिसली तरी तिथे टाकायचा नाही. आकड्यापुढे मग वाटेल ते लिही, घुम, कड, टिपरी, ते तुझ्या स्वतःसाठी.

फोल्डरचं नाव रोमन लिपीत, सगळं छोट्या अक्षरांत आणि सलग. स्पेस अजिबात नको, पॅटर्नमध्ये स्पेस आली की टायडल तो पुढचा ठोका समजतो. हायफनच्याही वाटेला जाऊ नकोस, अंडरस्कोर चालतो. आणि तबला, सितार असली नावं देऊ नकोस, सोबत जे डर्ट सॅम्पल्स येतात त्यात दोनशेच्या वर फोल्डर आहेत आणि ही दोन्ही त्यात आहेत. तुझा तबला नंतर लोड झाला की आधीचा काढून टाकला जातो, सुपरकोलायडरच्या पोस्ट विंडोत, म्हणजे संदेश दिसतात तिथे, फक्त रिप्लेसिंग अशी ओळ येते, ती कोण वाचतो. मी माझ्या सगळ्या फोल्डरना पुढे दोन अक्षरं लावतो, दशावताराच्या सगळ्यांना द आणि श, शोधायलाही बरं पडतं.

एक गंमत, फायली संपल्या की तो पहिल्यापासून परत मोजतो. पायपेटीच्या बारा पट्ट्या ० ते ११ ओळीने लावल्यात, १२ म्हटलं की परत सा येतो. वरचा नव्हे हां, तोच खालचा.

दापोली_डेसिबल
मेमसाइजचा आणि सॅम्पलचा संबंधच नाही, ती मेमरी डिले, रिव्हर्ब वगैरे इफेक्टना लागते. सॅम्पल बफरमध्ये, म्हणजे रॅममधल्या राखीव जागेत जातात, त्यांची जागा वेगळी. फाइल १६ बिटची असली तरी बफरमध्ये ती ३२ बिट फ्लोट होऊन बसते, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओचा एक मिनिट साधारण २३ एमबी. तुझ्या लाटा अर्धा तास असतील तर एकाच फायलीला ६९० एमबी गेले, मग ४ जीबीत विंडोज कुठे बसणार नि तू कुठे!

लाटा त्या फोल्डरातून आधी बाहेर काढ. वीसेक सेकंदांचा चांगला तुकडा कापून तोच फिरव, लाटेला काय, तोंड-शेपूट कळत नाही. पूर्ण रेकॉर्डिंगच हवं असेल तर सुपरकोलायडरमध्ये डिस्कइनने थेट डिस्कवरून वाजव, ते टायडलच्या बाहेर राहील पण रॅम खाणार नाही. ढोलचे ठोके मोनो (एकाच चॅनेलचे) करून टाक, निम्मी जागा वाचते.

बाकीच्या सॅम्पलसाठी स्टार्टअप फाइलमध्ये लोडसाउंडफाइल्सच्या, म्हणजे फोल्डर लोड करणाऱ्या ओळीच्या आधी डूनॉटरीडयेट ट्रू करून ठेव. मग नावांची यादी तेवढी तयार होते आणि आवाज पहिल्यांदा मागितला की तेव्हा लोड होतो. मात्र तो पहिला ठोका हुकू शकतो, तेव्हा कार्यक्रमाच्या आधी सगळे एकदा गुपचूप वाजवून घ्यायचे.

मालवणी_मिडी
मेल्या, आकडे कित्याक पाठ करतंस? मी तर प्रत्येक बोलाचा फोल्डरच वेगळा करतो. ढोलघुम, ढोलकड, ढोलटिपरी. पॅटर्न वाचला की कळतं काय वाजतंय, आणि एका फोल्डरात एकाच ठोक्याचे हलके-जोराचे प्रकार, नंबर रँडम सोडला तरी चालतो, उलट माणूस वाजवतोय असं वाटतं. नवीन ठोका कुठेही पडला तरी बिघडत नाही.

सावंतवाडी_४४१००
तालवाद्याला हे पटलं. पेटीला, सनईला नाही चालणार, तिथे क्रम म्हणजेच सूर.

गुहागरी_लूप
आभार सगळ्यांचे. ढोल-ताशा मालवणी पद्धतीने, सनई आकडे लावून, आणि समुद्र बाहेर काढला, आता लॅपटॉप श्वास घेतोय. पण सनईचे फोल्डर मी वाद्यं, मग गाव, मग सूर असे एकात एक ठेवले होते ते दिसतच नाहीयेत, यादीत सनईच नाही?

दापोली_डेसिबल
आतल्या आत तो शिरत नाही, एकच पायरी उतरतो. पाथच्या शेवटी स्लॅश आणि तारा देतोस ना, त्या ताऱ्याच्या जागी जे फोल्डर बसतील त्यातल्याच फायली घेतो. प्रत्येक गावासाठी लोडसाउंडफाइल्सची वेगळी ओळ लिही. दोन गावांत फोल्डरचं नाव एकच असेल तर दुसरा पहिल्याला उडवेल, दोन्ही हवे असतील तर अपेंडटूएक्झिस्टिंग ट्रू कर, पण मग क्रमांक पुढे सरकतात हे लक्षात घे. आणि विंडोजवर आहेस तर पाथमध्ये उलटा स्लॅश नको, सरळ स्लॅश दे, उलट्याचा अर्थ तिथे वेगळाच लागतो.