कन्सोलवरचा गेम चांगला की वाईट, तुम्ही कशावरून ठरवता?

धागाकर्ता

गेम संपला की मत तयार असतंच: "भारी" नाहीतर "फालतू". पण भारी म्हणजे नेमकं काय, असं कुणी खोदून विचारलं की आपण ग्राफिक्स, स्टोरी, गेमप्ले हे तीन शब्द पुढे करतो आणि मोकळे होतो. आकड्यांचंही तेच. १९९८ साली 'ओकारिना ऑफ टाइम'ला 'फामित्सू' या जपानी मासिकाच्या चारही परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. तिथे ४०पैकी ४० मिळवणारा तो पहिला गेम. बरं, मग? तो माझ्या हातात कसा लागेल, हे त्या चाळिसातून कळत नाही.

म्हणून हा धागा. कन्सोलवर खेळलेला एखादा गेम घ्या, त्यातली एखादी जमेची किंवा खटकणारी बाजू घ्या आणि ती तुम्हाला कुठे जाणवली ते लिहा. "ग्राफिक्स अप्रतिम" एवढ्यावर सुटका नाही. तिखट मतं चालतील, पण उदाहरणासकट. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

सुरुवात मीच करतो. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७). यात तलवारी मोडतात, आणि यावरून लोक अजून भांडतात. माझं म्हणणं, गेममधला सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा दोष बहुतेकदा एकाच निर्णयातून येतात. तलवार मोडते म्हणून तर मी टेकडीवरून छावणीवर दगड लोटले, लोखंडी पेटी चुंबकाने उचलून शत्रूच्या टाळक्यात घातली, वादळात मुद्दाम धातूचं हत्यार त्यांच्यापाशी टाकून वीज पाडली. एकच तलवार टिकली असती तर यातलं काहीही सुचलं नसतं. पण त्याच नियमामुळे पुढे पुढे पेटी उघडण्यातली गंमत गेली. चांगलं हत्यार मिळालं की ते वापरवत नाही. बॅगेत सगळी भारी शस्त्रं आणि हातात कसलीतरी फुटकी काठी, अशा थाटात मी अर्धा नकाशा फिरलो.

पावसात कड्यावरून घसरणं मात्र मला कुठल्याच बाजूने पटलेलं नाही. तिथे नवीन काही सुचत नाही, पाऊस थांबायची वाट बघत बसायचं. आणि हो, नकाशाभर लपवलेल्या ९०० कोरोक बिया शोधू नका. सगळ्या शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून जे मिळतं तो बनवणाऱ्यांनी सरळसरळ केलेला विनोद आहे.

साठ_हर्ट्झ

ग्राफिक्सवर बोलायचं नाही म्हणता, मग फ्रेम रेटवर बोलतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र, ३० म्हणजे दर ३३.३ ला. पण निव्वळ आकड्याने फसायला होतं. 'ब्लडबोर्न' (२०१५) तीसवर चालतो आणि त्या तीस फ्रेमही सारख्या अंतराने येत नाहीत, म्हणून कॅमेरा फिरवला की चित्र अडखळतं. कुठलाही नवा गेम हाती आला की मी आधी मोकळ्या जागेत उभा राहून कॅमेरा सावकाश गोल फिरवतो. अडखळणं असेल तर तिथेच दिसतं. ट्रेलरमध्ये ते कधीच दिसत नाही, कारण तिथे कॅमेरा त्यांच्या हातात असतो.

आणि तरीही 'ब्लडबोर्न' माझ्या पहिल्या पाचांत आहे. मार खाल्ल्यावर लगेच उलट वार केला तर गेलेलं रक्त परत मिळतं, या एका नियमाने त्यांनी माझ्यासारख्या ढालीमागे लपणाऱ्याला पुढे घुसायला लावलं. म्हणजे अडखळणं माफ का? नाही. दोष दोषाच्या जागी लिहायचा, गुण गुणाच्या जागी. दोघांची बेरीज करून एक आकडा काढला की दोन्ही गायब होतात.

अजून एक. रिव्ह्यू कुठल्या मशीनवर खेळून लिहिलाय ते बघा. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आधी छापून आलेले रिव्ह्यू पीसीवरच्या प्रतीचे होते. जुन्या कन्सोलवर त्याची अशी अवस्था होती की काही दिवसांतच तो प्लेस्टेशनच्या स्टोअरवरून काढून टाकला गेला आणि थेट जून २०२१ मध्ये परत आला. रिव्ह्यू लिहिणारे खोटं बोलत नव्हते, ते वेगळाच गेम खेळत होते.

(गेमला शिव्या घालण्याआधी टीव्हीचा 'गेम मोड' चालू आहे का ते बघा. बटण दाबल्यावर उशिरा उडी पडते याचं निम्मं पाप टीव्हीचं असतं.)

अर्धा_तास_मिळाला_तर

माझी कसोटी एकच: मला कुठेही, कधीही थांबता येतं का? घरात सगळे झोपल्यावर खेळणाऱ्या बाईची ही कसोटी आहे, हसू नका.

याबाबतीत 'डार्क सोल्स' (२०११) बद्दल लोक अर्धंच सांगतात. "पॉज होत नाही" म्हणून ओरड असते, ती खरी आहे. मेनू उघडून बसलात तरी मागून येणारा सांगाडा थांबत नाही. पण बाहेर पडायचा पर्याय निवडला की तुम्ही जिथे उभे होता, ती जागा जशीच्या तशी जपली जाते. परत आलं की तिथूनच पुढे. म्हणजे जो गेम निर्दयी म्हणून गाजला तो माझ्या वेळापत्रकाशी बऱ्यापैकी दयेने वागला. उलट 'पर्सोना ५' माझ्या जिवाभावाचा, पण त्यात मोठ्या महालात शिरलं की ठरावीक खोल्यांतच सेव्ह करता येतं. पुढची खोली किती लांब आहे हे माहीत नसतं, आणि घड्याळ माहीत असतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: कटसीन (मध्येच येणारा, नुसता बघायचा प्रसंग) चालू आहे, कुणीतरी हाक मारली, पॉज म्हणून बटण दाबलं आणि अख्खा प्रसंग उडून गेला. कुठल्या बटणाने थांबेल आणि कुठल्याने उडेल, हे अजूनही दर गेमला नव्याने का शोधावं लागतं?

कमी_ऐकू_येणारा

अर्धा_तास, तुमच्या कसोटीत माझी एक घाला: 'न्यू गेम' दाबण्याआधी सेटिंग उघडा. तिथे बनवणाऱ्यांनी कुणाकुणाचा विचार केलाय ते कळतं.

मला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही. मागून चाललेली पावलं मला कळत नाहीत, म्हणजे दबा धरून खेळायचे गेम माझ्यासाठी संपलेच होते. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' (२०२०) मध्ये अशा सुविधांसाठी ६० हून जास्त सेटिंग आहेत. बोलणाऱ्याचं नाव, संवाद कुठल्या बाजूने आला त्याचा बाण, अक्षरांचा आकार, मागे गडद पट्टी. शत्रूला तुमची चाहूल लागत असेल तर पडद्यावर खूण दिसते. दृष्टी नसलेल्यांसाठी मेनू वाचून दाखवणारा आवाज आणि वाट दाखवणारं बटणही आहे. कथेबद्दल माझी भरपूर तक्रार आहे, मधला भाग लांबलाय, तेच तेच दुःख पुन्हा पुन्हा दळलंय. पण ती तक्रार करण्याइतका मी तो गेम खेळू शकलो, हे आधी लिहायला हवं.

उलट टोकाचं उदाहरण 'डेड रायझिंग' (२००६). त्या काळच्या जुन्या टीव्हीवर त्यातली अक्षरं वाचताच येत नसत. कुणी सोफ्यावर बसून तपासलंच नसणार.

खोगीर

'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८). जमेची बाजू: वजन. कपाट उघडायचं तर हात पुढे जातो, दार उघडतं, डबा उचलला जातो. चिखलात पाय रुततो. घोड्याला खरारा करावा लागतो. हे सगळं मला आवडलं, कारण त्यामुळे त्या जगात मी पाहुणा न राहता राहायला गेलो.

खटकलेली बाजू कंट्रोलरवर दाखवतो. डावीकडचं खालचं ट्रिगर, एल२. रिकाम्या हाताने ते दाबलं की समोरच्या माणसाकडे लक्ष जातं आणि त्याला रामराम करता येतो. हातात बंदूक असताना तेच ट्रिगर दाबलं की बंदूक त्याच्यावर रोखली जाते. बंदूक हातात आहे हे लक्षात नसलं, की नमस्काराच्या जागी धमकी. मग आरडाओरडा, शिपाई, पळापळ. गावातली माझी निम्मी बदनामी या एका ट्रिगरची आहे.

आणि दुसरं: जग एवढं मोकळं, पण मिशन सुरू झालं की दोन पावलं बाजूला गेलात तर "मिशन अयशस्वी". मागच्या दाराने जायची कल्पना सुचली म्हणून शिक्षा! हे एकाच गेमचे दोन भाग आहेत यावर विश्वास बसत नाही.

घाईगर्दी

खोगीर, वजन वगैरे पहिले दहा तास ठीक. पन्नासाव्या मृतदेहाचे खिसे तपासताना तोच वाकण्याचा सोहळा पुन्हा बघायचा? मी त्या गेमचा शेवट पाहिलेला नाही आणि मला खंतही नाही.

खोगीर

मग तो गेम तुमच्यासाठी नव्हता, एवढंच. तुमच्या नावातच उत्तर आहे.

घाईगर्दी

"तुमच्यासाठी नव्हता" हे वाक्य सगळ्या दोषांवर पांघरूण घालतं, म्हणून मला ते आवडत नाही. संथपणा ही आवड असू शकते. पण मेलेल्या माणसाचे खिसे तपासायला दर वेळी लागणारा वेळ हा निर्णय आहे, आणि निर्णयावर टीका होणारच.

धागाकर्ता

दोघांचंही राहू दे. भांडण उदाहरणांवर चाललंय तोवर माझी हरकत नाही.

उडी

कठीण गेम चांगला की वाईट, हे मी मेल्यावर ठरवतो. मेलो तर चूक माझी वाटते की गेमची? 'सेलेस्ट' (२०१८) मध्ये असंख्य वेळा मरूनही गेमचा राग आला नाही. कारणं बारीक आहेत. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत उडीचं बटण चालतं. वर उडताना डोकं कोपऱ्याला घासलं तर गेम तुम्हाला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. आपल्याला वाटतं आपण अचूक खेळलो. मेलात तर क्षणात त्याच पडद्यावर परत, लोडिंग नाही, उपदेश नाही. शिवाय 'असिस्ट मोड'मध्ये गेमचा वेग कमी करता येतो किंवा मरणंच बंद करता येतं. यामुळे "खऱ्या" खेळाडूंचं काय बिघडतं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

छोटा_गेम_समर्थक_मंडळ

'पोर्टल' (२००७) एका संध्याकाळी संपतो आणि त्यात एकही खोली भरतीची नाही. "१०० तासांचा मजकूर" असं वेष्टनावर लिहिलेलं दिसलं की मी ते दोषांच्या रकान्यात टाकतो.

जुनी_मेमरी_कार्ड

धागाकर्त्याचं 'एकाच निर्णयातून दोन्ही' हे मशीनलाही लागू आहे. 'सायलेंट हिल' (१९९९) मधलं धुकं बघा. पहिल्या प्लेस्टेशनला लांबचं काही दाखवायला जमत नव्हतं म्हणून धुकं आणि अंधार, आणि त्याच धुक्याने गेमला भीती दिली. 'रेसिडेंट इव्हिल' (१९९६) मध्ये दर खोलीआधी दार करकरत उघडतं, तेव्हा मागे डिस्कवरून पुढची खोली भरली जात असते. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) मध्ये नायक इतक्या वेळा अरुंद कपारीतून अंग चोरत का जातो? तेच. फक्त दाराचं पहिल्यांदा भय वाटायचं, कपारीचा चौथ्यांदा कंटाळा येतो.

माझा लाडका मात्र 'शॅडो ऑफ द कोलोसस' (२००५). प्लेस्टेशन २ च्या तोंडाला फेस यायचा. राक्षस अंग झटकू लागला की फ्रेम कोसळायच्या आणि तुम्ही त्याच्या केसांना धरून लोंबकळताय. सोळा राक्षस, मध्ये फक्त ओसाड माळ आणि घोडा. हा घोडा गाडीसारखा वळत नाही, थोडा स्वतःच्या मनाने चालतो. पुष्कळांनी याला वाईट कंट्रोल म्हटलंय. पण लगाम सोडून बघा: अरुंद वाटेवर तो स्वतः वळणं घेतो आणि तुम्हाला धनुष्य चालवायला हात मोकळे मिळतात. २०१८ ची नवी आवृत्ती स्वच्छ, गुळगुळीत आहे. नव्याने खेळणाऱ्याला मी तीच सुचवेन. कॅमेरा मात्र तिथेही अधूनमधून पाठ दाखवतो, त्याचं समर्थन मी करणार नाही.

दोन_कंट्रोलर

शेजारी बसून खेळता येतं का, हा माझा पहिला प्रश्न. १९९७ मध्ये 'गोल्डनआय'मध्ये एका टीव्हीवर चौघं खेळत होती, आणि २०१५ च्या 'हेलो ५'मध्ये पडदा वाटून खेळायची सोयच नव्हती. मशीनची ताकद वाढली आणि शेजारची जागा गेली. 'इट टेक्स टू' (२०२१) एकट्याने खेळताच येत नाही, म्हणून मला तो प्रिय. दर प्रकरणात दोघांच्या हाती वेगवेगळी साधनं येतात, एकाकडे खिळे तर दुसऱ्याकडे हातोडा. उणीव एवढीच की दोन स्टिकनी चालणं आणि बघणं एकदम जमतं, असं तो गृहीत धरतो. ज्याने कंट्रोलर कधी हातात घेतला नाही त्याला पहिली संध्याकाळ आकाशच दिसतं.

रिकामी_डिस्क

माझ्याकडे एका शर्यतीच्या गेमची डिस्क आहे. सर्व्हर बंद झाला, डिस्क सुरूही होत नाही. नाव घेत नाही. आता मी कुठल्याही गेमबद्दल आधी हे बघतो: इंटरनेट काढून टाकलं तर यातलं किती उरतं? रिव्ह्यूमध्ये हे क्वचितच असतं, कारण रिव्ह्यू पहिल्या आठवड्यात लिहिले जातात आणि सर्व्हर वर्षांनी मरतात.

नवखा_विचर

सगळं वाचून काढलं. मी 'विचर ३' (२०१५) आत्ताच सुरू केलाय. नायक वळताना ट्रकसारखा वळतो, दारातून जाताना दोनदा भिंतीला धडकतो. लोक याला सर्वोत्तम म्हणतात. सोडून देऊ का?

अर्धा_तास_मिळाला_तर

सोडू नका. सेटिंगमध्ये हालचालीचा दुसरा पर्याय आहे, तो निवडा. तक्रारी आल्यावर नंतरच्या अपडेटमध्ये दिलाय, त्याने वळणं बरंच सुधारतं. मारामारीवरून मत बनवू नका, ती शेवटपर्यंत बेताचीच राहते. गेममधल्या वेलेन या भागात ब्लडी बॅरन नावाचं पात्र भेटेल, त्याचं काम पूर्ण करा. तिथे तुम्ही काय निवडता त्यावर बऱ्याच जणांचं पुढे काय होतं ते ठरतं, आणि कुठलीच निवड स्वच्छ नाही. ते आवडलं नाही तर खुशाल बंद करा. आणि अक्षरं मोठी करून घ्या, सोफ्यावरून वाचता येत नाहीत.