विमानतळावरची तपासणी: सुरक्षा की देखावा?

सोनेगावची_रांग
आधी हिशेब. हातातल्या सामानाच्या एक्स-रे स्क्रीनवर बसलेल्याने एका ट्रेला १० सेकंद दिले, तर तासाला ३६० ट्रे होतात. माणशी ट्रे तीन: बॅगेचा, लॅपटॉपचा आणि मोबाईल-पाकीट-पट्ट्याचा. म्हणजे एका मशीनवर तासाला १२० माणसं, दोन मशीनवर २४०. ए-३२० विमानात साधारण १८० जागा धरा. तासाभरात तीन विमानं सुटणार असतील तर माणसं झाली ५४०. उरलेल्या ३०० जणांनी काय करायचं? आपल्या नागपूरच्या विमानतळावर गर्दीच्या वेळी रांग लागते ती या गणितामुळे. आणि यात अडवलेली बॅग धरलेलीच नाही. ती उघडा, उपसा, पुन्हा मशीनमधून काढा, की तीन-चार मिनिटं गेलीच.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? लायटर, कात्री, अडकित्ता. २०१५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी आपली माणसं प्रवासी म्हणून पाठवली, सोबत नकली बॉम्ब आणि शस्त्रं देऊन. ७० पैकी ६७ वेळा माल आत गेला! तिथल्या तपासणी यंत्रणेच्या हंगामी प्रमुखाला पदावरून हलवावं लागलं. त्यांच्याकडे पैसा, यंत्रं सगळं असून ही गत. २००१ नंतर कॉकपिटचं दार मजबूत केलं, खरं काम तिथेच झालं. बाकी सगळा देखावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेल्ट_नंबर_दोन
दार अपहरण अडवतं, बॉम्ब अडवत नाही. एअर इंडियाचं कनिष्क विमान विसरलात का? २३ जून १९८५, ३२९ माणसं गेली. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरला चेक-इन झाली आणि ज्याच्या नावावर ती होती तो विमानात चढलाच नाही. टोरांटोला सामान तपासायचं एक्स-रे मशीन मध्येच बंद पडलं, म्हणून उरलेल्या बॅगा हातात धरायच्या वास घेणाऱ्या यंत्राने उरकल्या. तपासणी ढिली पडली की काय होतं याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

आज चेक-इन करून माणूस गेटवर आला नाही, तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून खाली उतरवतात. विमान सुटायला उशीर होतो, लोक शिव्या देतात. तो उशीर कनिष्कमधून शिकलेला आहे.

दुसरं, इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ विमान. २४ डिसेंबर १९९९ ला अपहरणकर्ते काठमांडूहून शस्त्रांसकट विमानात चढले. दाराच्या फार आधी, तपासणीच्या टेबलावरच ते सुटले होते. त्यानंतर २००० च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय दलाकडे द्यायला सुरुवात झाली.

सोनेगावची_रांग
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय, भाऊ. बॅग आणि माणूस जुळवणं हे कागदाचं काम आहे. त्यासाठी माझा पट्टा काऊन काढायचा?

नारिंगी_पडदा
दोघंही मशीनला काय दिसतं ते सोडून बोलताय. एक्स-रे दोन ऊर्जापातळ्यांवर चालतो आणि वस्तूला रंग देतो. सेंद्रिय ते नारिंगी, धातू निळा, मधलं किंवा मिसळलेलं हिरवं, आणि किरण आरपार जात नाहीत ते काळं. आता घोळ असा, की बहुतेक स्फोटकं सेंद्रिय असतात, म्हणजे नारिंगी. साबण, चॉकलेट, चीज आणि आपली संत्रा बर्फीसुद्धा नारिंगीच. (बर्फीचा मान संत्र्याचा, पण पडद्यावर पेढाही त्याच रंगाचा.) किलोभर बर्फीचा घट्ट चौकोनी डबा, त्याला चिकटून चार्जरची वायर आणि पॉवर बँक असं चित्र उमटलं, तर बॅग बाजूला काढण्याशिवाय इलाज नसतो. बर्फी एकीकडे आणि वायरी दुसरीकडे ठेवल्या की हीच बॅग सहसा सरळ निघून जाते.

लॅपटॉप बाहेर काढायचं कारणही हेच. बॅटरी आणि सर्किट इतकं दाट असतं की खालचं काही दिसत नाही. सीटी मशीन बॅगेचं त्रिमितीय चित्र देतं, पडद्यावर फिरवून पाहता येतं, तिथे लॅपटॉप आतच राहिला तरी चालतो. तेव्हा कटकटीचं मूळ नियमापेक्षा जुन्या मशीनमध्ये जास्त आहे.

सोनेगावची_रांग
मशीन बदला, बघणारा डोळा तोच. क्वचित दिसणारी वस्तू नजर हमखास सोडते, हे २००५ मध्येच प्रयोगाने दाखवून झालंय. शोधायची वस्तू वारंवार येत असेल तर चुका थोड्या होतात, शंभरात एखाद्या वेळी येत असेल तर चुका कितीतरी पट वाढतात. इथे तर खरा बॉम्ब आयुष्यभरात एकदाही समोर येत नाही.

बेल्ट_नंबर_दोन
त्यावर उतारा आहे, आणि जुना आहे. मशीन स्वतःच अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात नकली बंदूक किंवा बॉम्ब मिसळतं. बघणाऱ्याने बटण दाबलं की कळतं, ते चाचणीचं होतं. सुटलं तर त्याच्या नावावर नोंद होते. नजर जागी राहते आणि कोण कच्चा तेही कळतं. शिवाय एका माणसाला सलग २० मिनिटांच्या वर पडद्यावर बसवू नये, असा युरोपात नियमच आहे. आणि ते ६७! अहवाल गोपनीय होता, आकडा बातम्यांतून फुटला. चाचणी घेणाऱ्यांना पकडले जाण्याची भीती नव्हती. खऱ्या हल्लेखोराला ती असते, आणि ती त्याला आधीच दुसरीकडे वळवते. ती मोजायची कशी?

सोनेगावची_रांग
मोजता येत नाही ते गृहीत धरायचं, वा!

हळद_कुंकू
तुमच्या वादात महिलांची रांग कुणालाच दिसली नाही. महिलांची झडती पडद्याआड घेतात, ते योग्यच आहे. पण पडद्याची खोली एकच आणि महिला जवान एकच असेल, तर ट्रे पुढे जाऊन पडून राहतो आणि बाई अजून रांगेतच. पर्स, मंगळसूत्राचा डबा, फोन सगळं पलीकडे, नजरेआड. याला सुरक्षा म्हणायचं का? मशीन वाढवण्याआधी खोल्या वाढवा, खर्चही कमी.

धंतोली_ओपीडी
फडक्याच्या चाचणीबद्दलही बोला. हातावर किंवा बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतात, ते स्फोटकांचे कण हुंगतं. विदर्भात शेतावरून थेट विमानतळावर येणारे कमी नाहीत. कॅल्शियम अमोनियम नायट्रेट हाताळलेलं असेल तर यंत्र बोंबलू शकतं. ग्लिसरीनचं क्रीम, हृदयविकाराच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या, यांनीही घोळ होतो. पेशंटने चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि शेतावरून येणाऱ्याने हात साबणाने नीट धुवावेत, पण बॅगही शेतातली नको. यंत्र वाजलं म्हणजे आरोप झाला असं नाही. पुन्हा तपासतात, इतकंच.

सोनेगावची_रांग
आता पाण्याचं सांगा. मुंबईच्या विमानात पाण्याची बाटली सहसा चालते. शारजाच्या विमानात मात्र १०० मिलीच्या वर काही नाही, तेही सगळं एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पाणी आंतरराष्ट्रीय झालं की पेटतं काय बाप्पा?

नारिंगी_पडदा
हा मुद्दा तुमचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला कट उघड झाला, शीतपेयाच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण न्यायचा. साध्या एक्स-रेला पाणी आणि ते मिश्रण जवळपास सारखंच दिसतं, म्हणून थेट प्रमाणावरच मर्यादा आली. ती आंतरराष्ट्रीय विमानांना चिकटली, देशातल्यांना तशी नाही. तर्काने पाहिलं तर बचाव करता येत नाही. सीटी मशीन द्रवांतला फरक ओळखतं, तेव्हा त्याचं उत्तरही तेच.

हळद_कुंकू
नियम शहाणे की वेडे ते तुम्ही ठरवा, पण सामान भरणाऱ्यांसाठी: पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत बिनविचारता, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. आकडाच पुसलेला असेल तर ती घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या दोन्हीकडे अडतात. तेल जास्त, आपोआप तापतात, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहेत. सावजी मसाला आणि तिखट चेक-इनमध्ये, दुहेरी पिशवीत. लायटर कुठेच नाही.

बेल्ट_नंबर_दोन
आणि खर्रावाल्यांनो, पुडीने धातू शोधणारं दार वाजत नाही, चुन्याची पत्र्याची डबी वाजते. पट्टा, किल्ल्या, पाकीट, फोन, ती डबी, सगळं रांगेत उभं असतानाच बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात टाका. तिसरा ट्रे वाचतो.

सोनेगावची_रांग
चला, माणशी दोन ट्रे. मशीनवर तासाला १८०, दोन मशीनवर ३६०. ५४० मधून ३६० गेले. तरी एक अख्खं विमान बाहेर उभंच!

बेल्ट_नंबर_दोन
मग तिसरं मशीन मागा ना. पट्ट्याला कशाला शिव्या घालता?